मुलगा कसा आहे?

गेल्या महिन्यात आग्रा रोडवरच्या लहान कारखानदारांनी मला बोलायला बोलावलं होतं. भांडुपपासून मुलुंडपर्यंत ज्यांच्या पत्र्याच्या शेडी आहेत अशी ही मंडळी. एका साबणवाल्याच्या गोदामात सतरंज्या टाकल्या होत्या, मागे खोकी रचलेली, सगळीकडे साबणाचा वास. तक्रार सगळ्यांची एकच, की पोरं टिकत नाहीत. वर्षभर शिकतात, हात बसला की समोरच्या नव्या कारखान्यात जातात. गणपतीला गावी गेली की तिकडेच राहतात. आमच्याकडची तेवढी टिकतात, तर ते कसं, हे मी सांगावं.

मी बोलणारा माणूस नाही. पण बोललो, आणि बरं बोललो म्हणतात.

आमचा कारखाना स्टोव्हच्या बर्नरचा. पितळेच्या नळ्या वाटीला झाळून जोडायच्या, म्हणजे सांध्यात धातू वितळवून चिकटवायच्या, पाण्यात बुडवून हवा भरून बघायची, बुडबुडा आला तर परत झाळायचं, नाही आला तर पेटवून बघायचं. झाळकाम नीट यायला वर्ष जातं, म्हणून शिकलेला पोरगा गेला की आम्ही लंगडे होतो. मी तिथे आधी स्टोअरमध्ये होतो, मग मालकांनी मॅनेजर केलं. मॅनेजर म्हणजे काय, तर पोरांचं बघायचं.

मी त्या मंडळींना सांगितलं, की पोराला घरच्या कामाला लावू नका. मालकिणीची भाजी आणायला आणि विड्या आणायला तो आलेला नाही. पहिल्या आठवड्यातच त्याच्या हातून एक बर्नर पुरा करून घ्या, वाकडा झाला तरी चालेल, आणि तो त्यालाच पेटवू द्या. निळी ज्योत धरली की पोरगा दुसऱ्या दिवशी न सांगता लवकर येतो. गणपतीची रजा नाकारू नका. कोणी आधी जायचं, कोणी मागून, ते पोरांनाच आपसांत ठरवू द्या. ती भांडतात आणि ठरवतात, आणि स्वतः ठरवलेलं पाळतात.

आणि नळाशेजारी साबण ठेवा, आरसा लावा.

यावर लोक हसले. आमचे मालकही तेव्हा हसले होते. "अहो, कारखाना आहे की न्हाव्याचं दुकान?" पण मी लावला. अठरा-वीस वर्षांचा पोरगा दिवसभर धुरात बसतो, संध्याकाळी फाटकातून बाहेर पडताना त्याला कोणी कारखान्यातला म्हणून ओळखू नये असं वाटत असतं. आमची पोरं सुटताना हातपाय धुऊन, भांग पाडून निघतात. रस्त्यावरच्या दुसऱ्या कारखान्यातली पोरं ते बघतात आणि "तुमच्याकडे जागा आहे का" म्हणून विचारत येतात. एका आरशाने मला जेवढी पोरं आणून दिली तेवढी मालकांच्या ओळखीने आली नाहीत.

मग कोणीतरी आमच्या मिस्त्रीला उभं केलं. मी त्याला मुद्दाम बरोबर नेलं होतं. "तू सांग रे, तुला इकडे तिकडे जास्त पगार मिळाला असता. तू का टिकलास?"

तो तिशीचा असेल. बोलायला लाजतो. माझ्याकडे बघत म्हणाला, "माझं कोणी नव्हतं तेव्हा ह्यांनी जागा दिली. सख्ख्या मामाने केलं नाही ते भाऊंनी केलं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी सतरंजीची किनार बघत बसलो. मी कसा टिकवला त्याला, हे त्या सभेत मला एकट्यालाच माहीत होतं.

*

तो आमच्याकडे आला तेव्हा मिसरूड फुटत होतं. आईबाप गेलेले. मालवणकडचा. घाटकोपरला मामाच्या खोलीत राहायचा. मामा एका वखारीत कामाला होता, बायको आणि मुलगी गावी. मामा-भाचे दोघेच खोलीत, आळीपाळीने भात टाकायचे. पहिल्या दिवशी मामाच त्याला घेऊन आला आणि म्हणाला, "झिल हुशार आसा, पण तोंडान मुको. तुमी सांभाळा." मी म्हटलं, मीही तसाच आहे, जमेल आमचं.

जमलंच. वर्षभरात तो झाळकामाला बसला, आणि दुसऱ्या वर्षी त्याच्या हातचे बर्नर पाण्यात बुडवायचे ते केवळ रीत म्हणून.

मग एका पावसाळ्याअखेर त्याचं लग्न निघालं. मुलगी कुर्ल्याची, बाप रेल्वेच्या कारखान्यात जुना माणूस. मध्यस्थाने पत्रिका आधीच जुळवून ठेवली होती. मुलीने त्याला पाहिलं होतं, त्याने तिला. पोरांना कळल्यावर नळावर रोज तमाशा.

"ए नवरदेव, आरशाला भोक पडेल, सरक जरा."

"सरकतो कसला, भांग जुळवतोय. पत्रिका जुळली, भांग जुळत नाही."

"अरे, सासरा रेल्वेचा आहे. आता हा फुकट पासाने फिरणार, आणि आपण इथे बर्नर फुंकत बसणार."

हे शेवटचं मी ऐकलं. त्याला बोलावून विचारलं. तो खाली बघत म्हणाला, "ते म्हणतात, लग्न झालं की साहेबाकडे शब्द टाकतो. रेल्वेत घेतील." मग घाईने म्हणाला, "मी लगेच नाही जाणार, भाऊ. तुमचं काम अडवून नाही जाणार."

त्या वेळी आमची काय अवस्था होती तेही सांगतो, म्हणजे कारण कळेल, सबब म्हणून नाही. झाळकामातले दोघे जण त्याच महिन्यात समोरच्या कारखान्याने नेले होते. दिवाळीचा माल कबूल करून बसलो होतो. मालक रोज येऊन माझ्या टेबलाशी उभे राहायचे. "हाही गेला ना, तर मी टाळं लावतो आणि तुम्ही घरी बसा." माझ्या घरी तेव्हा दोन मुली शाळेत. घरी बसणं म्हणजे काय, हे मला चांगलं ठाऊक होतं.

अशात एका दुपारी मुलीचे वडील कारखान्यात आले.

आपल्याकडे ही रीत आहे. मुलाच्या घरी सगळे गोडच बोलणार, म्हणून मुलीकडचा माणूस मुलगा जिथे काम करतो तिथे जाऊन विचारतो, मुलगा कसा आहे? कोणाला सांगून येत नाही. तिथला वरचा माणूस जे सांगेल त्यावर बरंच ठरतं. माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी मीही असाच एका कचेरीत जाऊन आलो होतो.

काळी टोपी, कोट, हातात छत्री. चपला दाराबाहेर काढल्या, मी नको म्हणत असताना. खुर्चीवर बसून त्यांनी रुमालाने मान पुसली आणि म्हणाले, "मी कोण ते तुम्ही ओळखलंच असेल."

"हो."

"मग विचारतो. मुलगा कसा आहे?"

"कामाला चांगला आहे."

"ते मघाशी दारातून बघितलं. मीही हत्यार धरणारा माणूस आहे. वागायला कसा आहे?"

"शांत आहे."

"शांत असणं चांगलंच." ते थोडं पुढे झुकले. "बघा, मुलगी एकुलती आहे. तुम्हीही बापमाणूस दिसता. काही नाद वगैरे?"

एक शब्द पुरला असता. नाही. त्या पोराला सुपारीचं खांड चघळायचीसुद्धा सवय नव्हती. मला ते माहीत होतं, साऱ्या शेडीला माहीत होतं.

आतून बर्नरचा फरफर आवाज येत होता. दार अर्धवट उघडं होतं, आणि तो पाठमोरा बसून नळी वाटीवर धरत होता. मनात आलं, आज नाही म्हटलं की लग्न होणार, आणि चैत्रापर्यंत हा रेल्वेत गेला. हा गेला की मालक टाळं लावणार. मी टेबलावरचा वॉशर उचलला, परत ठेवला. मग म्हणालो, "चहा घेणार ना?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "घेतो."

चहा आला. ते बशीत ओतून सावकाश प्यायले. पावसाबद्दल बोलले, रॉकेल मिळत नाही याबद्दल बोलले. उठताना माझा हात धरून म्हणाले, "तुम्ही सभ्य माणूस आहात. तुम्हाला अडचणीत घालत नाही."

मी वाईट शब्द बोललो नाही, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. पण आपल्यात कोण सभ्य माणूस पोराविषयी उघड वाईट बोलतो? अशा वेळी विषय बदलला जातो, आणि समोरचा समजतो. ते ऐकायला आले होते तेवढं मी त्यांना ऐकवलं. कसं ऐकवायचं हे मला आतून ठाऊक होतं, म्हणून तर ते इतकं सोपं गेलं.

*

आठवड्याभरात मध्यस्थाने निरोप आणला. पत्रिका जुळत नाही.

जुळलेली पत्रिका आता जुळेना, म्हणजे कोणीतरी तोंड घातलं, हे शेंबडं पोरही सांगेल. कोणी? घाटकोपरच्या चाळीत लोकांनी ते ठरवून टाकलं. मामाला लग्नाची मुलगी आहे. भाच्याला मामाची मुलगी करायची रीत आहे. हातातला, कमावता, निर्व्यसनी भाचा बाहेर कोण जाऊ देईल? मामानेच मोडलं.

त्याने मामाला विचारलं की नाही, मला माहीत नाही. मुक्या माणसांचं भांडण कसं होतं, मला माहीत आहे. दोन दिवस जेवण बंद, तिसऱ्या दिवशी तो पत्र्याची ट्रंक घेऊन कारखान्यात आला. म्हणाला, "भाऊ, आज इथे झोपू?"

मी त्याला माळ्यावरची खोली रिकामी करून दिली. माझ्या घरून चटई आणली, बायकोने चादर दिली. त्या रात्री जेवायला घरी नेलं. तो खाली मान घालून जेवला आणि निघताना माझ्या पाया पडला. मी पाय मागे घेतले, तर बायको म्हणाली, "अहो, पडू द्या ना, पोर आहे."

नंतर मामा आला. रविवार होता, कारखाना बंद, भाचा कुठेतरी बाहेर गेलेला. मामा फाटकाशीच उभा राहिला, आत येईना.

"तुमचा आयकता तो," म्हणाला. "तुमी सांगा तेका. मी काय एक बोलूक नाय. माज्या चेडवाचा लगीन कुडाळाक ठरला हा. मी कित्याक मोडू तेचा?"

मी म्हणालो, "सांगतो."

सांगितलं नाही.

पहिली गोष्ट भीतीत झाली, एका क्षणात झाली. ही दुसरी तशी नव्हती. हिच्यासाठी मला रोज एक नवा दिवस मिळत होता. मामाची मुलगी कुडाळला दिली, एवढं सांगितलं असतं तरी त्याच्या मनातला संशय फिरला असता. पण मग तो विचारत बसला असता, मामा नाही तर कोण. विचारत विचारत तो कुर्ल्याला गेला असता. मी रोज ठरवत होतो आणि रोज संध्याकाळी तो नळावर हात धुताना मला हसून "जेवून येऊ का?" म्हणायचा, आणि मी "हो, ये" म्हणायचो. काही महिन्यांनी मामा वखारीतून सुटून गावी गेला. जाताना भाच्याला भेटायला आला नाही. कशाला येईल?

दिवाळीचा माल वेळेवर गेला. मालकांनी पाठीवर थाप मारली. पुढल्या वर्षी त्याला मिस्त्री केलं. त्याचं शिकवणं चांगलं, पोरं त्याच्यावर जीव टाकतात, आणि खरं सांगायचं तर आमच्याकडे पोरं टिकतात ती निम्मी त्याच्यामुळे. माझी कीर्ती झाली ती अशी. मीही त्याला जपलं. ताप आला तर रात्र बसलो. चांगलं जे जे दिलं ते मनापासून दिलं, हेही खोटं नाही. पण देताना प्रत्येक वेळी मला माहीत होतं की मी कशावर पांघरूण घालतोय.

त्याचं लग्न मात्र झालं नाही. दोनदा स्थळ आलं. पण मुलाच्या बाजूने पुढे बसायला घरचं माणूस लागतं, आणि मामाला तो बोलवेना. एकदा मोठ्या संकोचाने मला म्हणाला, "भाऊ, तुम्ही बसाल का माझ्या बाजूने?" मी हो म्हटलं आणि कामाचं निमित्त काढून ते लांबवत नेलं. मी तिथे बसलो असतो तर समोरून कोणीतरी विचारलंच असतं, मुलगा कसा आहे. ते शब्द परत ऐकायची माझ्यात हिंमत नव्हती.

*

त्या साबणाच्या गोदामातल्या टाळ्यांनंतर दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्याला नळावर गाठलं. पोरं बाहेर झाडाखाली डबे उघडून बसली होती. तो हाताला साबण लावत होता.

मी म्हणालो, "तुझ्या मामाने तुझं लग्न मोडलं नाही. मी मोडलं."

त्याला वाटलं मी थट्टा करतोय. तो हसला. मग माझ्या तोंडाकडे बघून त्याने नळ बंद केला.

मी सगळं सांगितलं, वर लिहिलंय तसंच, त्याहून कमी शब्दांत. सांगायला इतका थोडा वेळ लागला की मला लाज वाटली. त्याच्या हाताला फेस तसाच होता.

तो म्हणाला, "नेमकं काय विचारलं त्यांनी?"

"काही नाद वगैरे आहे का, म्हणून."

"आणि तुम्ही?"

"चहा घेणार का, म्हटलं."

त्याने हातावरचा फेस निपटला. मग विचारलं, "मामा आलेला ना इथे? मला चाळीतल्या कोणीतरी मागाहून सांगितलेलं. मी म्हटलं, पैसे मागायला आला असेल."

"तू गैरसमज करू नकोस, हे सांगायला आला होता. मी सांगतो म्हटलं त्याला."

त्याने हात धुतले. दोनदा धुतले. आरशात बघितलं नाही.

"आता मामाला काय सांगू मी?" असं म्हणाला तेव्हा त्याचा आवाज पहिल्यांदा फाटला. "लोकांसमोर नावं ठेवली मी त्याला. काल पण ठेवली."

"मी येतो तुझ्याबरोबर गावी. मी सांगतो त्याला."

"नको." जरा थांबून म्हणाला, "तुम्ही आलात तर तो तुम्हाला खुर्ची देईल. चहा विचारील. ते मला बघवणार नाही."

चार दिवसांनी तो बोटीने गेला. ट्रंक नेली. रजा किती दिवसांची, ते मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. निघताना मी एवढंच म्हणालो, की परत यायचं नसेल आणि दुसरीकडे कुठे जायचं असेल, किंवा लग्नाचं निघालं, तर विचारायला येणाऱ्याला माझ्याकडे पाठव. तो म्हणाला, "बघू." नेहमी पाया पडायचा, तो पडला नाही. मला त्याने बरं वाटलं, म्हणजे मोकळं वाटलं.

मालकांनी विचारलं, "कधी येणार?"

"माहीत नाही."

"म्हणजे? विचारलं नाहीत? परवा लोकांना काय शिकवून आलात?"

मी त्यांनाही सांगितलं. ऐकून झाल्यावर ते चष्मा काढून पुसत म्हणाले, "तेव्हा मीच तुमच्या मागे लागलो होतो." मी म्हटलं, तुम्ही टाळं लावतो म्हणाला होतात, एवढंच. बाकीचं माझं.

पोरं मात्र रोज विचारत होती. "भाऊ, मिस्त्री कधी येणार? गावी पोरगी बघितली की काय?" आणि हसत होती. सध्या आमच्याकडे मिस्त्री सोडून नऊ जण आहेत. बहुतेक विशीच्या आतले, एकाचं लग्न निघालंय, आणखी एकाचं निघायच्या बेतात. उद्या त्यांच्यासाठीही कोणीतरी टोपी सावरत माझ्या टेबलाशी येऊन बसणार. त्या पोरांना हे माहीत असायला हवं होतं, की इथे त्यांच्याविषयी कोणाला विचारलं जातं आणि तो माणूस कसा आहे.

काल सुटायच्या वेळी मी त्यांना थांबवलं. ती भिजल्या केसांनी उभी राहिली, एकाच्या हातात कंगवा तसाच. मी सांगितलं. कंगवावाल्याने कंगवा खिशात घातला. ज्याचं लग्न निघालंय तो तेवढा म्हणाला, "माझ्या सासऱ्याला तुम्ही भेटलात का?"

"अजून नाही."

"मग ठीक आहे," असं काहीसं म्हणाला, आणि ती सगळी फाटकाबाहेर गेली. रोज बाहेर पडल्यावर त्यांचा आवाज वळणापर्यंत ऐकू येतो. काल आला नाही.

आज सकाळी आठ जण आले. ज्याचं लग्न निघालंय तो आलेला नाही. मी त्याच्या घरी निरोप पाठवलेला नाही, आणि मिस्त्रीच्या जागेवरही कोणाला बसवलेलं नाही. जागा आहे तशी ठेवली आहे. यायचं की नाही, ते त्या दोघांनी ठरवायचं.